बारा मेखांची कॅसेट

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बयाबाई वनिताच्या दारात येऊन उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोरी. भोरमध्ये आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. वनिताने तिला ओळखलं नाही.

"सरांची लेक ना तू?" बयाबाई म्हणाली. "म्या बया. कोंडमाळावरची. सर डोंगर मोजायचे तवा पट्टीचं दुसरं टोक म्या धरायची."

वनिताला एकदम आठवलं. तिचे वडील नाना वेल्ह्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत धनगरांची अकरा घरांची कोंडमाळ वस्ती होती. वस्तीच्या माथ्यावर उतारात एक लांब भेग पडलेली. नानांनी भेगेच्या वर एक आणि खाली एक अशा जोडीजोडीने लोखंडी मेखा सिमेंटमध्ये रोवल्या होत्या आणि सहा वर्षं त्यांच्यामधलं अंतर मोजलं होतं. मग बदली झाली, ते भोरला आले, आणि चार वर्षांपूर्वी वारले.

"भेग उघडलीया," बयाबाई उंबऱ्यावरच बसली. "पर तलाठ्यासंगट सायेब आलं हुतं, त्ये म्हनलं जुनीच हाये, चाळीस वर्सं हाय तशीच हाये. माजा दीर भीमा बी त्येच म्हनतोय. तीन वर्सांमागं आमाला खाली शाळंत नेलं, आठ दिस ठिवलं. काय झालं न्हाई. वलीनं अकरा मेंढ्या मेल्या तेवढ्या. आता कुनी हलत न्हाई."

"मग मावशी, मी काय करू?"

"सरांचं आकडं दे. म्या काल मेखा हुडकल्या. पाच जोड्या घावल्या. दोरी लावून गाठी मारल्यात." तिने पिशवी पुढे केली. "आजचं माप हितं हाये. तवाचं किती हुतं, त्ये सांग."

वनिता भोरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. आकड्यांचं महत्त्व तिला कोणी सांगायला नको होतं. पण नानांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, तिने स्वतःच त्या टोपल्यात भरून टाकल्या होत्या. ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि थांबली. माळ्यावर ते यंत्र होतं.

नानांनी ते एकोणनव्वद साली पुण्याहून आणलं होतं. तेव्हा विलायतेत घरोघरी एक छोटा कॉम्प्युटर असायचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा. त्याची हुबेहूब नक्कल पुण्यात कोणी तरी बनवली होती. नानांनी तीन पगार साठवून ती घेतली आणि आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. "नक्कल असली म्हणून काय झालं, बेरीज तीच येते," असं नाना म्हणायचे. मेखांचे आकडे ते त्यातच भरायचे.

माळ्यावरचा खोका तिने खाली काढला. काळं, वहीएवढं यंत्र. कळांवर एकेका अक्षराभोवती चार-चार बारीक शब्द छापलेले. सोबत एकच कॅसेट. मूळची गाण्यांची, बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरलेली. लेबलवर नानांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: मेखा, ९० ते ९६.

"ह्यात हाये?" बयाबाईने विचारलं.

"असायला हवं."

वनिताने इंटरनेटवर शोधून पुण्यातल्या एका माणसाला फोन लावला. तो जुन्या यंत्रांचा शौकीन होता. तो म्हणाला, कॅसेट कुरिअर करा, पंधरा दिवसांत बघून सांगतो. तिने फोन ठेवला, खोका पोत्यात गुंडाळला आणि दोघी एसटी स्टँडकडे निघाल्या. तिथे सम्राटचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सम्राट पन्नाशीचा, नानांचा जुना विद्यार्थी. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, म्हणून तो मिक्सर आणि इन्व्हर्टर बघायचा. पण जुनं काही टाकून द्यायची त्याला सवय नव्हती.

"सरांचं मशीन!" त्याने दोन्ही हातांनी ते उचललं. "मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी याला."

"दादा, आज दुपारपर्यंत चालायला पाहिजे." वनिताने त्याला सगळं सांगितलं. बयाबाई दाराशी उभी राहून रस्त्यावरच्या पाण्याकडे बघत होती.

सम्राटने झाकण उघडलं. आत धूळ होती, गंज नव्हता. त्याने फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. खोक्यात यंत्राचा अडॅप्टर नव्हता. वनिताने दुकानातल्या ढिगातून नऊ व्होल्टचा एक काढला, पीन बरोबर बसत होती, आणि ती खुपसणार एवढ्यात सम्राटने तिचं मनगट धरलं.

"थांब!"

त्याने मीटर लावला. यंत्राला मध्ये ऋण आणि बाहेर धन हवं होतं. हातातल्या अडॅप्टरचं बरोबर उलटं.

"लावलं असतंस तर संपलं होतं," तो म्हणाला. वनिता खुर्चीवर बसली. सम्राटने वायर कापली, उलटी जोडली, पुन्हा मोजली आणि मगच पीन लावली.

कोपऱ्यातला चौदा इंची जुना टीव्ही त्याने पुढे ओढला. चॅनेलचं बटण फिरवता फिरवता मुंग्या विरल्या आणि पडदा स्वच्छ पांढरा झाला. खाली काळ्या अक्षरांत कंपनीच्या नावाची एक ओळ उमटली. इतक्या वर्षांनी ते जागं झालं होतं.

दुकानातल्या जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. सम्राटने दुसरा घातला. मग त्याने कॅसेट उजेडात धरली. आतला फोमचा तुकडा झडला होता. त्याने एक चांगली कॅसेट फोडली आणि नानांच्या पट्टीची दोन्ही रिळं उचलून तिच्यात बसवली. पट्टी जागोजाग फिकी पडली होती.

"ही फार वेळा वाजणार नाही," तो म्हणाला. "दरवेळी थोडी झडेल."

वनिताला लहानपणी बघितलेलं आठवत होतं. एक कळ दाबली की अख्खा शब्द उमटायचा. तिने टेप वाचायला सांगणारा शब्द आणला, दोन अवतरणचिन्हं टाकली आणि सम्राटने टेप सुरू केला.

आधी पेटीचे दोन-तीन सूर आले, एका बाईचा आलाप अर्ध्यात तुटला आणि मग कानात घुसणारी एकसुरी शिट्टी सुरू झाली. पडद्याच्या कडेला तांबडे आणि आकाशी पट्टे सरकू लागले. क्षणभराने ते निळे-पिवळे झाले, थरथरले आणि थांबले. खाली ओळ आली. टेप वाचता येत नाही.

"आवाज कमी पडतोय," सम्राट म्हणाला.

कॅसेट मागे घेतली. आवाज वाढवला. पुन्हा शिट्टी, पुन्हा पट्टे आणि पुन्हा तीच ओळ. बयाबाई आता आत आली होती. तिने पडद्याकडे बघितलं, मग वनिताकडे.

"न्हाई का?"

"थांब मावशी."

तिसऱ्या वेळी सम्राटने आवाज पुरा चढवला आणि टेपच्या डोक्याचा स्क्रू केसभर फिरवला. शिट्टी एकदम धारदार झाली. निळे-पिवळे पट्टे पडद्याच्या चारी बाजूंनी धावत राहिले. दहा सेकंद. वीस. बाहेर एसटी वळताना हॉर्न वाजला तरी तिघांनी मान वळवली नाही. मग पट्टे थांबले आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी उमटलं: कोंडमाळ मेखा. कोणती जोडी?

वनिताने एकचा आकडा दाबला.

तारखांची उतरंड आली. दर वर्षी दोन नोंदी, एक मे महिन्यातली आणि एक नोव्हेंबरमधली. शेवटची नोंद शहाण्णव सालची होती, २११ सेंटिमीटर. नव्वद साली ती २१० होती. सहा वर्षांत एक सेंटिमीटर.

"दोरी," वनिता म्हणाली.

बयाबाईने काउंटरवर दोरी पसरली. पहिल्या दोन गाठींमध्ये सम्राटने मोजपट्टी धरली आणि आकडा मनातच वाचला. मग पुन्हा धरली.

"दोनशे एकोणतीस."

वनिताने दुसरी जोडी काढली. यंत्रात १७४. दोरीवर १९७.

तिने वजाबाकी केली, अठरा आणि तेवीस. पण सम्राट मान हलवत होता. "दोरी ओली आहे वनिता. ओढली की लांबते, भिजली की आखडते. म्हातारीने डोंगरावर पावसात गाठी मारल्यात. वीस सेंटिमीटर दोरीचेच असतील तर? त्या लोकांना उठवून खाली आणायचं आणि पुन्हा काही झालं नाही, तर पुढच्या वेळी खरंच असलं तरी कोणी हलणार नाही."

"म्या नीट ओढली हुती," बयाबाई म्हणाली.

"तसं नाही मावशी."

वनिताला आठवलं. नाना शाळेत मुलांना शिकवायचे, ज्याने मोजायचं तेही तपासून घ्यायचं. "मावशी, एखादी जोडी भेगेपासून लांब होती का? जिथं काही हलणारच नाही अशी?"

"व्हय की. म्हसोबाच्या खडकावर. अखंड कातळ हाये. तिथं कशाला ठोकताय म्हनून म्या हसले हुते सरांना. ही बघ, शेवटची गाठ."

म्हणजे सहावी जोडी. वनिताने सहाच्या कळेवर बोट ठेवलं आणि दुकानातला दिवा गेला. टीव्हीचा पडदा आक्रसून ठिपक्याएवढा झाला आणि विझला.

वीज गेली की यंत्रातलं सगळं पुसलं जातं, हे वनिताला माहीत होतं. पुन्हा पहिल्यापासून.

सम्राटने गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला इन्व्हर्टर ओढला, टीव्ही, टेप आणि यंत्र तिन्ही त्यावर जोडली. पडदा पांढरा झाला. टेप सुरू केला. पेटीचे सूर आले, आलाप आला आणि तो आवाज एकाएकी घोगरा होत खाली बसला.

"बंद कर! बंद कर!"

सम्राटने झाकण उघडलं. पट्टी चाकात गुंतली होती. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, बारीक चिमटा घेतला आणि एकेक वेढा सोडवू लागला. वनिता कॅसेट धरून होती. श्वास सोडला तरी पट्टी हलत होती. तेवढ्यात बयाबाईचा मोबाईल वाजला. वस्तीवरून तिची सून वैष्णवी बोलत होती. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आलं.

"आत्याबाई, वरच्या झऱ्याचं पानी गढूळ झालंया. आन गोठ्याचं दार लागंना, चौकट तिरपी झालीया."

"भीमाला सांगितलं का?"

"त्ये म्हनत्यात लाकूड फुगलं असंल."

बयाबाईने फोन पदरात ठेवला आणि सम्राटच्या हातांकडे बघत राहिली. शेवटचा वेढा सुटला. पट्टीवर दोन ठिकाणी सुरकुत्या होत्या. त्याने त्या बोटाने सपाट केल्या आणि लांबी डोळ्यांनी मापली. "गाण्याचा भाग आहे. शिट्टीच्या आधीचा. असं मला वाटतंय."

पेन्सिलीने त्याने पट्टी सुरकुत्यांच्या पुढे सरकवली. टेप सुरू केला. शिट्टी. तांबडे-आकाशी पट्टे. निळे-पिवळे. मध्येच एकदा पट्टे अडखळल्यासारखे झाले आणि वनिताने डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर प्रश्न होता: कोणती जोडी?

तिने सहा दाबला. नव्वदपासून शहाण्णवपर्यंत प्रत्येक ओळीत एकच आकडा होता. ३०५.

सम्राटने शेवटच्या दोन गाठींमध्ये पट्टी लावली. वाकून बघितलं. "तीनशे पाच. अर्धा इकडेतिकडे."

म्हणजे दोरी खोटं बोलत नव्हती. वनिताने भराभर उरलेल्या जोड्या काढून वहीत उतरवल्या. तिसरी सव्वीस सेंटिमीटर रुंदावली होती, चौथी अकरा. पाचवीच्या मेखा बयाबाईला सापडल्या नव्हत्या. तिसऱ्या जोडीखाली नानांनी एक ओळ जास्तीची लिहिली होती. ती वनिताने दोनदा वाचली आणि तीही उतरवून घेतली.

सम्राटने दुकानाचं शटर ओढलं आणि टेम्पो काढला. वनिताने वाटेत तहसील कचेरीच्या आपत्ती कक्षात फोन लावला, आकडे सांगितले. पलीकडच्याने ते लिहून घेतले, सोमवारी पथक पाठवतो म्हणाला. नसरापूरवरून मार्गासनीकडे वळल्यावर पावसाने समोरचं काही दिसेना. बयाबाई दोघांच्या मध्ये बसून सबंध वाट पुढचा दांडा धरून होती.

टेम्पो जिथवर जात होता तिथून अर्धा तास चढ होता. वस्तीवर पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. भीमा पडवीत घोंगडं पांघरून बसला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. वस्तीवर त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. वनिताने वही उघडून आकडे वाचले. भोवती बायामाणसं जमली.

भीमाने शांतपणे ऐकलं. "ताई, सर देवमानूस हुते. पर हे आकडं टीव्हीतनं काढलेलं. तीस वर्सांची डबडी मशीन काय बी दावंल. म्या ह्यावर म्हसरं, मेंढरं, पोरं घिऊन चिखलात उतरू?"

"मशीनमध्ये सरांनी भरलं तेच निघतं, मामा."

"कशावरनं?"

वनिताने वहीचं पान उलटलं. एवढ्या लोकांत हे वाचावं की नाही, ती घुटमळली. मग वाचलं. "तिसऱ्या जोडीखाली लिहिलंय. 'नोव्हेंबर एक्याण्णव. खालची मेख भीमाने म्हैस बांधायला उपटली. त्याने कबूल केले नाही. मी विचारले नाही. नवी ठोकली, माप नव्याने सुरू.'"

भीमाचं तोंड उघडं राहिलं. ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"म्हैस न्हवती," तो म्हणाला. "रेडा हुता." त्याने वनिताच्या हातातली वही घेतली, त्याला वाचता येत नव्हतं तरी पानावरून बोट फिरवलं. "सरांना ठावं हुतं. आन मला कधी बोलले न्हाईत." तो उठला. "किती म्हनलीस? तिसरी?"

"सव्वीस सेंटिमीटर."

त्याने अंगठा आणि करंगळी ताणून हवेत माप धरलं, माथ्याकडे बघितलं आणि घोंगडं खांद्यावर टाकलं. "वैष्णवे, मेंढरं सोड. आधी पोरं आन म्हातारी मानसं. भांडी मागनं."

अंधार पडायच्या आत त्रेचाळीस माणसं खालच्या शाळेत आली. म्हसरं पटांगणात, मेंढ्या व्हरांड्यात. सम्राटने टेम्पोच्या पाच खेपा केल्या.

सोमवारी पाऊस उघडला. मंगळवारीही ऊन होतं. पथक आलं, भेग बघून, फोटो काढून गेलं आणि लोकांना खालीच ठेवा म्हणालं. बुधवारी शाळेत कुरबुर सुरू झाली. एका मेंढीचे पाय सुजले. वनिता रोज भोरहून फोन करायची आणि बयाबाई एकच सांगायची, "अजून काय न्हाई." फोन ठेवला की वनिता आकड्यांची वजाबाकी पुन्हा करून बघायची. आपण चुकलो असू तर? रात्री तिला झोप नव्हती आणि शाळेत परीक्षानळ्या धुताना तिच्या हातून दोन फुटल्या.

बुधवारच्या संध्याकाळी पाऊस पुन्हा लागला. गुरुवारी सकाळी अकराला प्रयोगशाळेत तिचा मोबाईल वाजला.

"ताई, डोंगर आला," बयाबाई म्हणाली. मागे बायकांचा कल्लोळ होता.

"सगळे खाली आहेत ना?"

"भीमा वर गेलाय. सकाळी. नाचनीचं पोतं आनाया. म्या आडवी गेले, ऐकलं न्हाई."

वनिता सम्राटच्या टेम्पोतून निघाली. गुंजवणी नदी ओलांडल्यावर डोंगर दिसला. हिरव्या उतारावर माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक तांबडी, ओली पट्टी उतरली होती. वस्ती होती तिथे फक्त एका घराचा कोपरा आणि आंब्याचा शेंडा वर होता.

शाळेपाशी गावातले लोक दोर आणि फावडी घेऊन चढायला निघाले होते. बयाबाई पटांगणात पावसात उभी होती. तासभर गेला. मग ओढ्याच्या पलीकडच्या बाजूने, जिकडून कोणी यायची अपेक्षा नव्हती, एक चिखलाचा माणूस हळूहळू खाली येताना दिसला. एक पाय ओढत होता. पोतं नव्हतं.

त्याला पाटावर बसवलं. त्याचे दात वाजत होते. मेंढ्यांसाठी पाला तोडायला तो वस्तीच्या पल्याड गेला होता, तेव्हा मागे आवाज झाला, एवढंच तो सांगू शकला. डावा घोटा मोडला होता.

"तुला म्या काय सांगितलं हुतं?" बयाबाई त्याच्यासमोर उभी राहून ओरडली. "काय सांगितलं हुतं? नाचनी मोठी झाली व्हय तुला?" ओरडता ओरडता ती खाली बसली आणि पदराने त्याच्या पायावरचा चिखल पुसू लागली. तो लहान मुलासारखा पाय पुढे करून बसला होता.

वैष्णवीने सगळ्यांना एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. त्रेचाळीस भरले. अकरा घरं गेली होती. वर राहिलेला एक बैल गेला होता.

सम्राट भीमाला भोरच्या दवाखान्यात न्यायला टेम्पो वळवू लागला. व्हरांड्यात कोणी तरी तीन दगड मांडून चूल पेटवली होती. ओल्या लाकडांचा धूर सगळीकडे भरला. वनिताने ओढणी कमरेला खोचली, एका बाईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि नळाखाली धरलं. त्रेचाळीस माणसांचा चहा व्हायचा होता, आणि पावसात चढून गेलेली माणसंही आता परत येत होती.